पाच विकलांचा डोंगर

अकोल्याहून बाळापूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडीवाल्या भाऊनं विचारलं, "किल्ला पाहाले चालले का जी?" किल्ला पाहायचा होताच, पण आधी छत्री. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं हे गाव. नदीकाठच्या दगडी छत्रीला सगळे मिर्झाराजे जयसिंगांची छत्री म्हणतात. पुरंदरचा तह करणारे जयसिंग ते हेच. तहानंतर दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, इथून वायव्येला बुऱ्हाणपूरला त्यांचा मृत्यू झाला. छत्रीच्या चौथऱ्यावर बसलं की समोर नदीचं आक्रसलेलं पात्र, मागं उंचावर किल्ल्याची तटबंदी आणि मधे बकऱ्या हाकणारी पोरं.

मी मात्र लढाया शोधायला निघालो नव्हतो. साधारण दोनशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका शिवारात एक ओळंबा किंचित कलला होता. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला वापरतो तोच ओळंबा, फक्त फार बारकाईनं टांगलेला. त्याचा कल होता पाच विकलांचा. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला, त्यातल्या पाच. मीटरभर दोरीचं टोक एवढ्या कलानं मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकं सरकतं. डोळ्याला ते दिसणारही नाही. तरीही एका माणसानं त्याचा हिशेब मांडला, कारण शोधलं आणि छापून ठेवलं. युरोपात सतराव्या शतकात निसर्गाकडे पाहायची जी नवी रीत रुळली, तिचा अर्क मला या पाच विकलांत दिसतो. म्हणून ती जागा पाहायची होती.

बाळापूर आधी का, तर एका सालासाठी. पुरंदरचा तह झाला जून १६६५ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला हेन्री ओल्डेनबर्ग या रॉयल सोसायटीच्या सचिवानं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केलं. कुणी धूमकेतू पाहिला, कुणी भिंगाखाली काही पाहिलं. ते कसं पाहिलं हे लिहून पाठवायचं आणि छापायचं. गॅलिलिओची दुर्बीण, केप्लरचे नियम, न्यूटनचं गणित यांच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकतो. या साध्या छापील अंकाची गोष्ट कुणी सांगत नाही. एकानं पाहिलेलं आणि त्याला न सुटलेलं दुसऱ्याच्या हाती बिनचूक पोचवायची ती सोय होती.

मिर्झाराजांच्याच वंशात पुढं सवाई जयसिंग झाले. लहान वयात तेही दख्खनच्या मोहिमेवर आले होते; १७०२ मध्ये विशाळगडाच्या वेढ्यात होते. १७२७ मध्ये त्यांनी जयपूर वसवलं. न्यूटन गेला तेही हेच वर्ष. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी, मथुरा इथं त्यांनी वेधशाळा बांधल्या. पोर्तुगालला माणसं धाडून तिथून फिलिप द ला हिर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टकं आणवली आणि ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थितीत अर्ध्या अंशाचा फरक निघाला. तो फरक त्यांनी लपवला नाही, आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवला. तिकडची यंत्रं लहान म्हणून फरक पडत असावा, असा त्यांचा कयास. आपली यंत्रं त्यांनी दगडचुन्याची, इमारतीएवढी बांधली होती. दुर्बीण त्यांना माहीत होती, पण मोजायच्या यंत्राला ती जोडली गेली नाही. आणि १७४३ मध्ये ते गेल्यावर हा फरक हातात घेऊन पुढं जाणारं कुणी उरलं नाही. राजा जिज्ञासू होता, पण त्याची जिज्ञासा चालवणारी माणसांची साखळी त्याच्यामागं नव्हती. ही गोष्ट मनात ठेवून मी बाळापूरहून माघारी फिरलो.

अकोल्यावरून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला आलो. मूर्तिजापूर आलं की शकुंतलेची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. इथून अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी आता धावत नाही; धावत असती तर माझा निम्मा रस्ता तिनंच कापला असता. अमरावतीत संध्याकाळी गिला वडा खाताना माझे सोबती भेटले. परतवाड्याकडच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. बोलणं शुद्ध, पण रंगात आले की वऱ्हाडीवर उतरणारं. मी त्यांना फोनवर ओळंब्याची गोष्ट सांगितली होती. त्यांनी रात्री बसून गणित करून ठेवलं होतं. "पाच विकला म्हणजे जमिनीवर किती, केलं का?" त्यांनी विचारलं. "अक्षांशात पाच विकला चुकल्या तर नकाशावरचं गाव दीडशे मीटर सरकतं. म्हणजे माझं घर शेजाऱ्याच्या वावरात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच परतवाड्याच्या रस्त्याला लागलो. वलगाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी, वेचणीला आलेल्या बाया, मधेच तुरीची ओळ आणि पुढं हरभरा. पूर्णेचं हे खोरं म्हणजे गाळाची सपाट, काळी जमीन. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा याच खोऱ्यातला. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं; माणसाच्याही कामाचं नाही आणि पिकाच्याही. सर म्हणाले, "इथं माणूस पाण्यासाठी वर पाहाते. खाली पाहून उपयोग नाही."

ज्या ओळंब्यासाठी निघालो होतो त्याची गोष्ट अशी: विल्यम लँबटन या इंग्रज अधिकाऱ्यानं एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी एक पायारेषा मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो हिंदुस्थान मोजू लागला. कोन मोजायचा त्याचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. कन्याकुमारीच्या बाजूनं उत्तरेकडे जाणारी एक रेषा त्यानं धरली होती, साधारण ७७ अंश ४० कला रेखांशाची. या रेषेनं कृष्णा ओलांडली, गोदावरी ओलांडली आणि ती वऱ्हाडात शिरली. लँबटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. तोवर त्रिकोणांची साखळी २१ अंश ६ कलांपर्यंत पोचली होती. इंग्रजी कागदांत त्या ठिकाणाचं नाव ताकलखेडा, टाकरखेडा असं वेगवेगळं येतं. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, आग्नेयेला १५ मैल.

टाकरखेडा नावाची गावं या जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत. पण अक्षांश एकच. मोबाईलवर आकडे पाहत आम्ही निघालो होतो. २१ अंश ६ कला दिसले तशी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. रस्त्याच्या पूर्वेला त्याच अक्षांशावर ते मोजणीचं ठाणं. समोर कपाशीचं वावर, धुऱ्यावर बाभळी, आणि दूर उत्तरेला, क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सातपुड्याची निळसर भिंत. वावरातले एक काका काठी टेकत आले. "काय पाहून रायले भाऊ? प्लॉट पडून रायले का इथं?" सरांनी त्यांना सांगितलं, की दोनशे वर्षांपूर्वी इथं गोरे साहेब रात्री तारे पाहत बसले होते. काकांनी डोंगराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग त्याईनं डोंगर पाहाला नसन काय?"

प्रश्न नेमका होता. पाहिला, काका. सगळी गोष्ट त्या डोंगराचीच आहे.

पृथ्वीचा आकार मोजायची रीत अशी. दोन ठिकाणांमधलं अंतर त्रिकोण जोडून मोजायचं. मग प्रत्येक ठिकाणी डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा. डोक्यावर म्हणजे नेमकं कुठं, हे ओळंबा सांगतो. दोन अक्षांशांतला फरक आणि जमिनीवरचं अंतर, दोन्ही मिळाले की एक अंश किती लांब ते कळतं. पृथ्वी अगदी गोल असेल तर अंश सगळीकडे सारखा असेल. ध्रुवांकडे चपटी असेल तर उत्तरेकडे जाताना अंश लांबत जाईल. सगळी भिस्त ओळंब्यावर. आणि तो पृथ्वीच्या मध्याकडेच बोट दाखवतो, असं धरून चाललेलं.

पृथ्वी चपटी असावी ही शंका आली कुठून? १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच निरीक्षक विषुववृत्ताजवळ केयेनला गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथं दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडू लागलं. घड्याळ बिघडलं म्हणून विषय संपवता आला असता. त्यानं लंबक किती आखूड करावा लागतो ते मोजलं, लिहिलं आणि आणून दिलं. न्यूटननं १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त त्यातून अर्थ काढला: विषुववृत्तावर ओढ कमी आहे, कारण फिरणारी पृथ्वी पोटाशी फुगलेली आहे. त्याच्या गणितानं हा फुगवटा २३० मध्ये एक भाग निघाला. पॅरिसच्या कासिनी घराण्याचं मोजमाप उलट सांगत होतं. तंटा सोडवायला १७३० च्या दशकात फ्रेंच अकादमीनं एक तुकडी पेरूकडे आणि दुसरी लॅपलँडला पाठवली. न्यूटनचं म्हणणं खरं ठरलं.

पेरूच्या तुकडीतल्या पियेर बुगेरच्या लक्षात दुसरीच अडचण आली. न्यूटन म्हणतो तसं प्रत्येक वस्तू प्रत्येकीला ओढत असेल, तर शेजारचा प्रचंड चिंबोराझो पर्वत ओळंब्यालाही ओढणार! १७३८ मध्ये त्यानं तसा प्रयोग करून पाहिला. १७७४ मध्ये मॅस्केलाइननं स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही अंगांना ओळंबे टांगून ही ओढ मोजली आणि तिच्यावरून पृथ्वीची घनता काढायची वाट मोकळी झाली. म्हणजे जो ओळंबा सत्याचा साक्षीदार म्हणून उभा केला होता, त्याचीच उलटतपासणी झाली. नवी रीत म्हणतात ती हीच. साक्षीदार थोडा अडखळला तर त्याला हाकलायचं नाही, का अडखळला ते विचारायचं.

लँबटननंतर काम आलं जॉर्ज एव्हरेस्टकडे. वय बत्तीस. दख्खनच्या जंगलात तापानं पछाडल्यावर तो हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला गेला होता. तिथं लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदानं १७५२ मध्ये अंश मोजला होता आणि त्याचं उत्तर असं विचित्र निघालं होतं, की दक्षिण गोलार्ध निराळ्याच आकाराचा वाटावा. एव्हरेस्टनं जागा हिंडून पाहिल्या आणि म्हटलं, दोष लाकायच्या हाताचा नाही; आसपासच्या डोंगरांनी त्याचा ओळंबा ओढला. तो माणूस ही शंका डोक्यात घेऊन या वावरात आला आणि त्याला उत्तरेला सातपुडा दिसला.

त्यानं हिशेब मांडला. ठाण्याच्या उत्तरेला सुमारे वीस मैलांवर डोंगराची कड सुरू होते, पुढं पठार पसरलेलं, मैदानापासून उंची साधारण सोळाशे फूट. एवढं वस्तुमान एका बाजूला, दुसऱ्या बाजूला सपाट मैदान. ओढ किती? पाचएक विकला. १८३० मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात, १८ अंश ३ कलांपासून २४ अंश ७ कलांपर्यंतच्या मोजणीत, त्यानं हे ठाणं मधला टप्पा म्हणून मांडलं आणि त्यावरचा डोंगराचा संशयही सांगितला. त्याच साली त्यानं काढलेली पृथ्वीची आकृती पुढं शंभरावर वर्षं भारताच्या नकाशांचा पाया राहिली.

सर बराच वेळ डोंगराकडे पाहत होते. म्हणाले, "केप्लरच्या आठ कला आठवल्या." टायको ब्राहेचे मंगळाचे वेध आणि वर्तुळाकार कक्षेचं गणित यांत केप्लरला आठ कलांचा फरक सापडला होता. टायको एवढा चुकणार नाही, म्हणून त्यानं वर्तुळच टाकून दिलं. १६०९ मध्ये लंबवर्तुळ जगापुढं ठेवलं. आठ कला म्हणजे ४८० विकला. दोन शतकांत माणसाला छळणारा फरक जवळजवळ शंभरपट बारीक झाला होता.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. ही मोजणी ज्ञानासाठी होती तशी राज्यासाठीही होती. मराठ्यांचं राज्य १८१८ मध्ये गेलं, वऱ्हाड निजामाकडे होतं, आणि नकाशा हाती असला की फौजेला रस्ता सापडतो व सारा बसवता येतो. यंत्रं वाहणारे, झेंडे घेऊन टेकड्यांवर उभे राहणारे, तापानं मेलेले खलाशी आणि हमाल यांची नावं ग्रंथात आलेली नाहीत. फरकाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी या माणसांचा हिशेब ठेवला नाही.

आसेगावला पूर्णा ओलांडली. जुन्या ग्रंथांतली पयोष्णी हीच, असं मानणारे अभ्यासक आहेत. याच पयोष्णीच्या काठी, एलिचपूरच्या टापूत, दधिग्राम नावाच्या गावी सोळाव्या शतकात ज्योतिष्यांचं एक घराणं होतं. त्यातला बल्लाळ काशीला गेला आणि त्याच्या मुलांनी नाव काढलं. कृष्ण दैवज्ञानं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली. नियम नुसता सांगून न थांबता तो का खरा ते सिद्ध करून दाखवणारी. ऋण संख्या म्हणजे काय हे तो पूर्व-पश्चिम दिशांच्या दाखल्यानं समजावतो. जहांगीराच्या दरबारात त्याला मान होता. त्याचा भाऊ रंगनाथ. त्याची सूर्यसिद्धांतावरची टीका १६०३ मधली. रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर त्याच साली जन्मला. पुढं त्याचं आणि गोदाकाठच्या गोळग्रामाहून काशीत आलेल्या कमलाकराच्या घराण्याचं चांगलंच वाजलं. एकमेकांच्या खंडनाचे ग्रंथ लिहिले गेले.

मुनीश्वर पाळण्यात होता तेव्हा केप्लर प्रागमध्ये मंगळाशी झुंजत होता. बुद्धी इकडे उणी होती असं बीजपल्लव वाचणारा म्हणणार नाही. वेध घेण्याची सवय नव्हती असंही नाही. नांदगावच्या केशव दैवज्ञानं आणि त्याच्या मुलानं, 'ग्रहलाघव'कार गणेशानं, आकाशाशी ताडूनच आकडे दुरुस्त केले. मग फरक कुठं पडला? आपल्याकडे आकाश आणि गणित यांत अंतर पडलं की बीजसंस्कार द्यायचा, म्हणजे आकड्यांत तेवढी भर घालून ते आकाशाशी जुळवायचे. पंचांग पुन्हा बरोबर येतं, काम भागतं. केप्लरपूर्वीचा युरोपही याहून वेगळं करत नव्हता. वर्तुळावर वर्तुळ चढवून मेळ बसवत होता. केप्लरनं आठ कला आकड्यांत मुरवल्या नाहीत, त्या उघड्यावर ठेवल्या आणि कारण मागितलं. शिवाय त्याच्यामागं छापखाना होता आणि थोड्याच काळात अकादम्या आल्या. काशीतला वाद काशीतल्या पोथ्यांत राहिला. केयेनच्या घड्याळाची तक्रार पंधरा वर्षांत केंब्रिजला न्यूटनच्या ग्रंथात जाऊन बसली. मला वाटतं, बदल झाला तो इथं: न सुटलेला फरक पुढच्या अनोळखी माणसाच्या स्वाधीन करण्यात.

अचलपूरच्या वेशीतून आत जाऊन चहा घेतला, परतवाडा मागं टाकला आणि घाट लागला. सागवान, मग बांबू, मग वळणांवर गार वारा. चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गाविलगडाकडे गेलो. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला आठवत होता हेन्री व्हॉयसी, लँबटनच्या तुकडीतला डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ. लँबटन गेल्यावर तीन महिन्यांनी, एप्रिल १८२३ मध्ये, तो या डोंगरात हिंडत होता आणि त्याला काळ्या खडकात दगड झालेले शंख सापडले. पुढच्याच वर्षी तो कलकत्त्याच्या वाटेवर वारला; त्याचं टिपण 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये त्याच्या मागं छापून आलं.

डोंगरावर शंख कसे, हा प्रश्न जुनाच. निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं १६६९ मध्ये तो नव्यानं लावला होता: दगडातला शंख हा दगडाचा खेळ नाही, तो खरोखरच्या प्राण्याचा आहे, खडकाचे थर एकावर एक साचत आले, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. या दोन वाक्यांनी खडकाला काळ मिळाला. आज आपण सांगू शकतो, की सातपुड्याच्या या अंगाला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर पसरले, दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गोगलगायी वाढल्या आणि पुढच्या लाव्ह्यानं त्यांना झाकलं. व्हॉयसीकडे एवढं उत्तर नव्हतं. जागा, खडक आणि महिना मात्र त्यानं लिहून ठेवला, म्हणून पुढच्यांना त्या प्रश्नाशी परत येता आलं.

तटावरून दक्षिणेला पाहिलं की सगळं पूर्णेचं मैदान खाली पसरलेलं दिसतं. सकाळी ज्या वावरातून हा डोंगर पाहिला, ते वावर आता धुक्यात कुठंतरी. काकांना सांगायची राहिलेली गोष्ट इथं सरांना सांगितली. एव्हरेस्टनं पुढं हीच साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तिथल्या कलियाना आणि माळव्याकडच्या कलियानपूर या ठाण्यांमधलं अंतर ताऱ्यांवरून एक येई, त्रिकोणांवरून दुसरं. फरक ५.२३६ विकला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट गणिताचे जाणकार होते. हिमालयाच्या ओढीचा हिशेब त्यांनी केला आणि उत्तर आलं १५.८८५ विकला, जवळजवळ तिप्पट. म्हणजे डोंगर ओढतो हे खरं, पण पाहिजे तेवढं ओढत नाही! १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी तोड सुचवली: पर्वताला खाली हलक्या खडकाचं मूळ असतं, बर्फाचा डोंगर पाण्यात असतो तसं, वर जेवढं वजन दिसतं त्याची भरपाई खाली होते. पृथ्वीच्या पोटात डोकावायची वाट अशी ओळंब्याच्या दोरीवरून उतरली. पूर्णेच्या खोऱ्यातला गाळही खडकापेक्षा हलका. तिथला ओळंबा डोंगराचं ऐकतो तसं या गाळाचंही ऐकत असणार.

सर ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेत उलटी रीत. गुरुत्वत्वरणाचा प्रयोग असला, की पोरं आधी ९.८ लिहितात, मग मागं मागं जाऊन रीडिंग तयार करतात. जर्नल कसं चकाचक! परीक्षकही खूश."

"तुम्ही काय करत होतात?" मी विचारलं.

"एका साली एका पोराचं ९.६५ आलं. पोरगा चिखलदऱ्याकडचा. कारणाच्या रकान्यात त्यानं काय लिहावं? 'गाविलगडाची ओढ.' सगळी प्रयोगशाळा हसली. मी म्हटलं, हसाचं काही काम नाही, बावा. डोंगरानं ओढलं म्हणतो ना, मग किती ओढलं ते काढून दाखव. त्यानं आठवडाभर गणित केलं आणि येऊन म्हणाला, सर, डोंगराचं काही खरं नाही, लंबकाच्या काळात त्यानं काडीचाही फरक पडत नाही. मग फरक आला कुठून? पुन्हा दोरी मोजली. गड्यानं लांबी आकड्यापर्यंतच धरली होती. गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, ते दीड सेंटिमीटर राहून गेले होते. ते धरले आणि ९.८ आलं."

"आणि गुण?"

"त्याला पैकीच्या पैकी. बाकी सगळ्यांचं पहिल्याच दिवशी ९.८ आलं होतं, त्यांना म्हटलं, तुमचं जर्नल परत करा आणि खरी रीडिंग आणा. पालक भांडाले आले होते."